थरच्या रेताड कुरणांची माती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जैसलमेर-बाडमेरकडे फिरून आलेली मंडळी, मृद्‌शास्त्राचे विद्यार्थी आणि गावच्या गायरानावर पुन्हा गवत आणू पाहणारे कार्यकर्ते साधारण सारखेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे एकत्र केली आहेत. विषय एवढाच: राजस्थानच्या कोरड्या पश्चिम पट्ट्यातली, म्हणजे थर वाळवंटातली चराऊ जमीन, तिची वाळू आणि त्या वाळूतून झरझर खाली जाणारे पाणी.

हे तर वाळवंट. इथे कुरण कसले?

पर्यटनाच्या जाहिरातीत दिसतात तसे जैसलमेरजवळच्या सम गावचे उघडे, लाटालाटांचे धोरे (वाळूच्या टेकड्या) हा थरचा लहानसा भाग आहे. राजस्थानचा कोरडा प्रदेश सुमारे १.९६ लाख चौरस किलोमीटरचा. त्यात झाडोऱ्याने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या आहेत, दोन टेकड्यांमधले सपाट तळ आहेत, दगडगोट्यांची कडक पठारे (मगरे) आहेत आणि खारट रणही आहे. टेकड्या आणि तळ यांवर गवत-झुडपे वाढतात आणि त्यांवर राठी व थारपारकर गाई, मेंढ्या, शेळ्या आणि उंट पिढ्यानपिढ्या पोसले गेले आहेत. जैसलमेरला वर्षाचा सरासरी पाऊस २०० मिलिमीटरच्याही आत, जोधपूरला ३५० च्या आसपास. बहुतेक सगळा जुलै ते सप्टेंबरमध्ये पडतो, तोही मोजक्या सरींत. एखाद्या वर्षी सरासरीच्या निम्माही पडत नाही, त्यामुळे ‘सरासरी’ हा शब्द तिथे फार विश्वासाने वापरू नये.

रेताड म्हणजे नेमकी किती रेताड?

मृद्‌शास्त्रात ०.०५ ते २ मिलिमीटर जाडीचा कण म्हणजे वाळू, त्याहून बारीक ती पोयटा, आणि ०.००२ मिलिमीटरच्या खाली गेली की चिकणमाती. थरच्या टेकड्यांच्या मातीत शेकडा ८५ ते ९५ भाग वाळूच असतो. तळांमध्ये पोयटा आणि चिकण थोडी वाढते. ही वाळू म्हणजे बांधकामाला नदीतून आणतात तसली खरखरीत वाळू नव्हे. वाऱ्याने चाळून आणलेली, बहुतांशी ०.१ ते ०.२५ मिलिमीटरची, गोलसर कणांची बारीक रेती असते. वर्गीकरणात यांपैकी बरीचशी माती ‘टोरिप्सॅमेंट’ या गटात येते: कोरड्या हवामानातली, जवळजवळ निव्वळ वाळूची, थर नीट न घडलेली तरुण माती. देशाच्या मातीचे नकाशे करणारी मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजनाची राष्ट्रीय संस्था आपल्या नागपुरात आहे, आणि थरच्या मातीची वर्गवारीही तिच्या नकाशांत मिळते.

पाणी इतक्या लवकर खाली का जाते?

दोन कणांमधल्या पोकळ्या मोठ्या असतात म्हणून. मोठ्या पोकळीत पाण्याला धरून ठेवणारी ओढ कमी आणि गुरुत्वाकर्षण वरचढ. शिवाय पाणी कणाच्या पृष्ठभागाला चिकटून राहते, आणि वाळूकडे पृष्ठभागच थोडा. काळ्या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट या चिकण खनिजाच्या एका ग्रॅमला ६०० ते ८०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. ग्रॅमभर वाळूला त्याच्यापुढे काहीच नाही. म्हणून वाळूत पाणी मुरण्याचा वेग तासाला ३० मिलिमीटरहून जास्त, अनेकदा कितीतरी जास्त, तर भारी चिकणमातीत तो तासाला ५ मिलिमीटरच्या खाली असतो. टेकडीवर जोरदार सर येऊन गेली तरी ओहोळ दिसत नाहीत, ते यामुळे.

म्हणजे पाणी टिकतच नाही. मग जमीन निकृष्टच झाली ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकीच्या उत्तराचा प्रश्न हाच.

भरपूर पावसाच्या मुलखात वाळू निकृष्ट ठरते, हे खरे. कोकण किनाऱ्यावर दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे पाणी मुळांच्या पलीकडे निघून जाते आणि सोबत नत्र-पालाशही नेते. पण २०० मिलिमीटरच्या मुलखात पाण्याला खाली निघून जाण्याइतके बळ कुठून येणार? तिथे पाण्याचा खरा शत्रू वर असतो, खाली नसतो. जैसलमेरकडे वर्षभरात हवा सुमारे २,००० मिलिमीटर पाणी शोषून घेऊ शकते, पावसाच्या दहापट. अशा ठिकाणी जी माती पाणी वर धरून ठेवते ती ते उन्हाच्या स्वाधीन करते, आणि जी माती ते पटकन खाली सोडते ती वाचवते.

इस्रायली परिसरशास्त्रज्ञ इमॅन्युएल नॉय-मेअर यांनी १९७३ मध्ये हाच मुद्दा मांडला. साधारण ३०० ते ५०० मिलिमीटर पावसाच्या खाली वाळूची जमीन चिकणमातीपेक्षा जास्त वनस्पती पोसते, आणि त्या रेषेच्या वर हे नाते उलटते. जैसलमेरच्या मेंढपाळाला हे कुणी शिकवावे लागत नाही. थोड्या पावसाच्या वर्षी कळप कडक मातीच्या पठारांवर न थांबता धोऱ्यांकडे वळवावा, कारण हिरवे काही असले तर तिथे असते, हे त्याला ठाऊक असते.

तेव्हा या मातीला नावे ठेवायचीच असतील तर निचऱ्यासाठी ठेवू नयेत. तिचे दोष आहेत; पण ते वेगळे आहेत आणि पुढे येतील.

हे हिशोबाने दाखवता येईल का?

येईल, ढोबळ. उन्हाळ्यात सुकलेल्या वाळूत आकारमानाच्या २-३ टक्के पाणी उरते आणि वाफसा येतो तेव्हा ८ ते १० टक्के असते. म्हणजे प्रत्येक १० सेंटिमीटर खोलीला ६-७ मिलिमीटर पाणी पुरते. २५ मिलिमीटरची एक सर आली की ओल ३५ ते ४० सेंटिमीटरपर्यंत पोहोचली. तीच सर भारी काळ्या मातीवर पडली, तर तिथे १० सेंटिमीटर भिजवायलाच २०-२५ मिलिमीटर लागतात, त्यामुळे ओल वरच्या १०-१२ सेंटिमीटरमध्येच अडकते. आता ऊन आठ-दहा दिवसांत वरचे १०-१५ सेंटिमीटर सहज सुकवते. कुठल्या जमिनीत किती उरले ते यावरून दिसते. (काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा असतात आणि पहिला पाऊस थेट भेगांतून खाली जातो, हा अपवाद आहे, भेगा मिटल्या की हिशोब वरच्यासारखाच.)

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मीटरभर वाळू एकूण ५० ते ७० मिलिमीटर उपयुक्त पाणी साठवते. मीटरभर काळी माती दीडशे-दोनशे. म्हणजे वाळूची तिजोरी लहान आहे, कुलूप मात्र चांगले.

वरची वाळू तापून निघते, आणि वीतभर उकरले की हाताला ओल लागते. हे कसे?

वरचा पाच-दहा सेंटिमीटरचा थर सुकला की खालच्या ओलीशी त्याचा संबंध तुटतो. पाणी केशाकर्षणाने वर चढायला कणांभोवती पाण्याची सलग साखळी लागते, आणि मोठ्या पोकळ्यांच्या वाळूत ती लवकर तुटते. मग पाणी फक्त वाफेच्या रूपाने, अगदी सावकाश बाहेर पडते. जूनमध्ये पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे तापला तरी मीटरभर खाली आदल्या पावसाळ्याची ओल सापडू शकते. खोल मुळांची झुडपे उन्हाळ्यात हिरवी दिसतात ती या ओलीवर.

वाळूच्या खाली काय असते?

कुरणाचे भवितव्य बरेचसे यावर ठरते. कुठे वाळू कित्येक मीटर खोल असते. कुठे अर्ध्या ते दीड मीटरवर चुनखडीच्या गाठींचा कंकर थर लागतो. पाऊस कमी असल्याने चुना धुऊन निघून जात नाही, पाणी जिथवर पोहोचते तिथे तो साचत जातो. आणि कुठे जिप्समचा घट्ट पट्टा असतो. तिथले लोक त्याला खडियाची पट्टी म्हणतात.

या पट्टीमुळे काय होते याची दोन उदाहरणे देण्यासारखी आहेत, आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध टोकाची.

पहिले कुईंचे. चुरू, बिकानेर, जैसलमेर, बाडमेर या भागांत जिथे पट्टी आहे तिथे वाळूत मुरलेले पाणी तिच्यावर अडते, खालच्या खारट भूजलात मिसळत नाही. ते विहिरीसारखे साचलेले नसते, वाळूच्या कणाकणांत ओलीच्या रूपाने पसरलेले असते. तिथे पाण्याचे तीन प्रकार मानतात: पावसाचे पालर, खोल भूजलाचे पाताल आणि या दोहोंमधले रेजाणी. रेजाणी पाणी मिळवायला माणूस जेमतेम बसून खणू शकेल इतकी अरुंद, खोल कुईं खणतात. खणणारा चेजारो. बाजूची वाळू ढासळू नये म्हणून विटा-दगडांनी, लाकडाने किंवा खींप नावाच्या झुडपापासून वळलेल्या जाड दोराच्या वेटोळ्यांनी ती बांधत जातात. रात्रभरात पाझरून दोन-चार घडे पाणी जमते, तेवढेच काढायचे. पाणी गोडे असते.

दुसरे उदाहरण कवासचे. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली आणि कवास व आसपासची गावे पाण्याखाली गेली. वाळवंटात पूर, म्हणून बातम्या झाल्या. पण खरी गोष्ट पुढची होती: पाऊस थांबल्यावर आठवडेच्या आठवडे पाणी हटेना. कवासचा परिसर जिप्समच्या साठ्यांसाठी ओळखला जातो. वरची वाळू पाणी पिऊन घेणारी, पण खालचा थर ते पुढे जाऊ देईना. ‘रेताड आहे, निचरा होईलच’ असे केवळ पृष्ठभाग पाहून म्हणणाऱ्यांनी कवास लक्षात ठेवावे. जमीन पाहायला गेलात तर किमान दीड मीटरचा खड्डा घेतल्याशिवाय निचऱ्यावर मत देऊ नका.

पाणी एवढे मुरत असेल तर तळी आणि टाकी कशी भरतात?

वाळूवर भरतच नाहीत. घराजवळच्या टाक्याभोवती पाणी गोळा करणारे अंगण असते, त्याला आगोर म्हणतात. ते मुरूम आणि चिकणमाती घालून, ठोकून कडक करावे लागते. खडीनसाठी वरच्या अंगाला खडकाळ उतार हवा. जैसलमेरच्या पालीवालांनी पंधराव्या शतकापासून वाढवलेली ही पद्धत मगऱ्यांवरून वाहून आलेले पाणी आणि गाळ मातीच्या बांधाने अडवते, आणि मग त्या ओलीवर रब्बीत गहू-हरभरा घेतात. म्हणजे थरमध्ये खडक पाणी पळवतो, वाळू जिरवते आणि माणसाने दोन्हींचा वापर केला आहे. आपल्याकडच्या पाणलोटाच्या योजना तिथे उचलून नेल्या तर धोऱ्यावर सलग समतल चर खणणे हा शुद्ध पैशाचा अपव्यय ठरेल. अडवायला तिथे वाहते पाणीच नसते.

या मातीत सुपीकता कितपत असते?

कमी. सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी ०.२ टक्क्यांच्या खाली, उघड्या टेकडीवर त्याहूनही कमी. नत्र नगण्य, स्फुरद कमी ते मध्यम. पालाश मात्र बऱ्यापैकी असते, कारण वाळूत नुसता क्वार्ट्‌झ नसतो, फेल्डस्पार आणि अभ्रकही असते. सामू (पीएच) ८ च्या वर, त्यामुळे जस्त आणि लोह मातीत असूनही पिकाला नीट मिळत नाहीत. चांगल्या पावसाच्या वर्षी पाणी उरते आणि नत्र संपते; गवत पिवळसर दिसू लागले की पाणी कमी पडले असे समजण्याआधी हे आठवावे.

जी काही सुपीकता आहे ती ठिपक्याठिपक्यांनी असते. खेजडीखाली, झुडपाच्या बुंध्याशी, गवताच्या ठोंबात. वाऱ्याबरोबर आलेली बारीक माती, पाने आणि लेंड्या तिथे अडकतात. चार झुडपे उपटली की ते चार ठिपके गेले, हे कागदावरच्या सरासरी आकड्यांत कधी दिसत नाही.

तळ्यातला गाळ किंवा शेणखत घातले तर?

परसबागेला किंवा लहान शेताला उत्तम. हजारो हेक्टर कुरणाला कुठून आणणार? तिथे खत घालणारी एकच व्यवस्था परवडते, चरणारी जनावरे.

सेवण गवताचे एवढे कौतुक का?

सेवण (लॅसियुरस सिंडिकस) हे या मातीसाठीच घडलेले गवत आहे. बहुवर्षायू, कमरेएवढ्या उंचीच्या ठोंबांत वाढणारे, १०० ते २५० मिलिमीटर पावसावर भागवणारे. एकदा रुजले की दहा-पंधरा वर्षे टिकते. पाऊस झाला की जुन्या बुडख्यातूनच कोंब फुटतात, बियाणे उगवण्याची वाट पाहावी लागत नाही. ज्या मुलखात ओल अल्पकाळ असते तिथे ही मोठी आघाडी झाली. गाई ते आवडीने खातात आणि वाळवून गंजीही लावता येते.

जमिनीखालचा भाग अधिक पाहण्यासारखा. मुळे खोल जातात आणि आजूबाजूलाही दूर पसरतात. थरमधल्या अशा अनेक बहुवर्षायू गवतांच्या मुळांवर चिकट द्रवाने आणि मूळरोमांनी धरलेल्या वाळूचे वेष्टण असते. मूळ उपटले तर ते वाळूत घोळवून काढल्यासारखे दिसते. हे वेष्टण मुळाला सुकण्यापासून वाचवते आणि कणांनाही धरून ठेवते.

सेवणच्या जोडीला थोड्या जास्त पावसाच्या आणि किंचित भारी जमिनीत धामण नावाचे गवत येते. चराई हाताबाहेर गेली की आधी ही दोन्ही मागे सरतात. मग भुरट येते, ज्याची काटेरी बोंडे कपड्यांना आणि मेंढीच्या लोकरीला चिकटतात (दुष्काळात त्याचे दाणे माणसांनीही खाल्ले आहेत), मग कुसळांची एकवर्षीय गवते, आणि शेवटी रुई. जिथे रुईशिवाय काही हिरवे नाही तिथे कुरण संपलेले आहे असे समजावे.

झाडे-झुडपे कोणती?

खेजडी, म्हणजे आपली शमी, केर, झुडुपवजा बोर, खींप, आणि धोऱ्यावरचे खास फोग. फोगची मुळे वाळू फार छान धरतात आणि त्याच मुळांचा कोळसाही चांगला होतो, त्यामुळे तो कित्येक टेकड्यांवरून नाहीसा झाला. फोगच्या कळ्यांचा रायता बिकानेरकडे आजही होतो.

वाऱ्याने माती उडते म्हणजे नेमके काय होते?

कण तीन प्रकारे हलतात. ०.१ मिलिमीटरच्या खालचे हवेत तरंगत दूर जातात, अर्ध्या मिलिमीटरच्या वरचे जमिनीवर घरंगळतात आणि मधले उड्या मारत पुढे जातात. थरची वाळू बहुतेक या मधल्या गटातली, म्हणून वाऱ्याला सगळ्यात सोयीची. उडी मारून खाली आपटणारा कण आणखी कणांना उडवतो आणि साखळी सुरू होते. एप्रिल ते जून, पावसाआधीचे नैर्ऋत्येचे वारे आणि चरून बोडकी झालेली जमीन, हा सगळ्यात वाईट काळ. दर वादळात आधी जातो तो बारीक पोयटा आणि कर्ब, म्हणजे होती-नव्हती ती सुपीकता. मागे उरते ती अधिक जाडसर, अधिक नापीक वाळू.

उड्या मारणारी बहुतेक वाळू जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आतच प्रवास करते. म्हणून ती अडवायला उंच झाडांची भिंत लागत नाही. गुडघाभर उंचीचे, जवळजवळ असलेले ठोंब पुरतात. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने (काझरी, स्थापना १९५९) चालत्या टेकड्या थांबवण्याची जी पद्धत बसवली तिचा गाभाही असाच आहे: आधी कुंपण घालून चराई बंद, मग स्थानिक काटक्या-झुडपे वाळूत खोचून वाऱ्याला आडव्या ओळी किंवा चौकटी, आणि त्यांच्या आडोशाला रोपे व गवत. पहिली पायरी सोडून दुसरीवर गेलेले प्रकल्प टिकत नाहीत.

उन्हाळ्यात ट्रॅक्टरने नांगरून ठेवले तर पाणी अधिक मुरेल ना?

काळ्या किंवा कडक मातीचा हा नियम इथे लावू नका. मुरण्याची अडचण मुळात नाहीच. जुन्या पद्धतीत उंटाच्या लाकडी नांगराने वरवर रेघा मारत, शेतातली बोरीची झुडपे आणि खेजड्या जागच्या जागी ठेवत, आणि काही वर्षे पिकवून जमीन पडीक टाकत. तव्यांचा नांगर आला आणि झुडपांचे बुडखे, सेवणचे ठोंब, पडीकपण सगळेच गेले. पेरायचेच असेल तर बाजरीबरोबर मटकी पेरण्यात शहाणपण आहे. मटकी जमिनीलगत पसरते आणि वाळू झाकते. उसळीतली मटकी देशात सर्वाधिक राजस्थानातच पिकते, ती काही योगायोगाने नव्हे.

एक जाता जाता: थोडा पोयटा असलेल्या तळांवर पेरणीनंतर जोराची सर आली तर वर पापडी धरते आणि बाजरीचा कोंब अडतो. तासावर शेणखताचा पातळ थर दिला की पापडी मऊ राहते.

कालव्याचे पाणी आले, मग प्रश्न सुटला की नाही?

इंदिरा गांधी कालव्याचे काम १९५८ मध्ये सुरू झाले. पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यापासून निघणारी पोषक नहर आणि मुख्य कालवा मिळून लांबी ६४९ किलोमीटर. त्याने गंगानगर-हनुमानगढ-बिकानेरकडे शेती फुलवली, यात वाद नाही. पण वाळूत पाट सोडून पाणी देणे म्हणजे निम्मे पाणी मुळांखाली पाठवणे. आणि खाली जिप्समचा किंवा चिकण थर असेल तर ते पाणी वर येऊ लागते. हनुमानगढ-सुरतगढ भागात हेच झाले. जमिनी पाणथळ आणि खारट झाल्या. तुषार सिंचनाने हा धोका कमी होतो, संपत नाही. याच कालव्याच्या दुसऱ्या टप्प्यात जैसलमेरकडची सेवणची मोठी कुरणे शेतीखाली गेली. माझ्या मते हा सौदा तोट्याचा होता: दुष्काळातही काही ना काही देणारी जमीन देऊन, पाणी आले तरच देणारी जमीन घेतली.

मग झाडे लावून सगळे हिरवे करावे का?

नाही. चालत्या टेकडीवर, रस्त्या-रुळांच्या कडेला, गावाच्या वाऱ्याच्या बाजूला लावा. पण चांगल्या कुरणावर दाट झाडी लावली तर ती त्याच ५०-७० मिलिमीटर ओलीवर तुटून पडते आणि गवत उपाशी राहते. वेडी बाभूळ हे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. जोधपूर संस्थानाने १९४० मध्ये तिला ‘शाही वृक्ष’ म्हणून गौरवले. आज ती गायरानांतून काढायला पैसे मोजावे लागतात.

माळढोकाचाही विचार करावा. उघडे गवताळ रान हेच त्याचे घर. आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजचे अभयारण्य १९७९ चे, जैसलमेरचे मरुभूमी राष्ट्रीय उद्यान १९८० चे. नान्नज परिसरातून तो जवळजवळ गेला. जैसलमेरच्या सेवणमध्ये अजून आहे.

आपल्या सोलापूर-नगरच्या माळरानावरही पाणी थांबत नाही. तीच गोष्ट ना?

वरून सारखी दिसते, आतून वेगळी. आपल्या माळावर बेसाल्टचा मुरूम वीत-दीड वीत, की खाली कातळ. पाणी लवकर मुरते, पण साठायला जागाच नसते. उरलेले वाहून जाते. थरमध्ये मुरते आणि साठायला खोलीही असते. म्हणून आपल्याकडे चर, बांध, गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून केलेले बंधारे) यांना अर्थ आहे, आणि गवतेही वेगळी: पवन्या, शेडा, मारवेल. सेवणचे बियाणे सोलापुरात आणून पेरण्याचा आग्रह मला कळत नाही. शिकण्यासारखे आहे ते कुरण राखण्याचे नियम. थरमध्ये ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेली रानेही आहेत, जैसलमेरजवळचे देगराय मातेचे ओरण त्यांपैकी मोठे. तिथे कुऱ्हाड चालत नाही, चराई चालते. आपल्या देवराया झाडांच्या आहेत. गवताची देवराई ही कल्पना आपल्या गायरानांना उपयोगी पडावी.

किती जनावरे चारावीत?

एकच आकडा मागू नका. दोनशे मिलिमीटरच्या मुलखात यंदाची आणि पुढच्या वर्षीची वैरण सारखी नसते, त्यामुळे कळप हलता ठेवणे हेच तिथले खरे शास्त्र. रायका-रबारी मेंढपाळ वाईट वर्षी कळप घेऊन शेकडो किलोमीटर बाहेर पडतात. कच्छचे रबारी विदर्भापर्यंत येतात. नेमकी पथ्ये दोन: कोंब फुटल्यावर पहिले काही आठवडे जनावर आत सोडू नये, आणि ठोंब बुडापर्यंत चरू देऊ नये. सगळ्यात मोठे नुकसान पाण्याच्या जागेभोवती होते. ओली चिकणमाती खुरांनी दबते; सुकी वाळू खुरांनी मोकळी होते, आणि मोकळी वाळू वाऱ्याची. नवी कूपनलिका खणताना आपण भोवतीचे मैल-दोन मैल कुरण खर्ची घालतो आहोत, हे ठरावात लिहून ठेवायला हरकत नाही.

माती घरच्या घरी कशी ओळखावी?

मूठभर माती ओली करून गोळा वळा. गोळाच होत नसेल तर निव्वळ वाळू. गोळा होतो पण अंगठ्याने दाबताच फुटतो, तर वाळू जास्त, पोयटा थोडा. अंगठा आणि बोट यांमध्ये दाबून पट्टी निघू लागली तर ती कुरणाची रेताड माती नव्हे. निचरा पाहायचा असेल तर तळ नसलेला पत्र्याचा डबा चार बोटे जमिनीत ठोका, पाणी ओता आणि पातळी किती वेळात किती उतरते ते मोजा. पहिले ओतणे धरू नका, सुकी माती अधाशासारखी पिते. तिसऱ्या-चौथ्या वेळी वेग स्थिर होतो, तोच लिहा.

उजाड झालेल्या तुकड्यावर सेवण पुन्हा लावायचे तर?

आधी दोन पावसाळे नुसते कुंपण घालून पाहा. जुने बुडखे जिवंत असतील तर बियाण्याचा खर्च वाचेल. नसतील तर हेक्टरी ५ ते ७ किलो बी लागते. ते हलके, तुसाळ असते आणि वाऱ्याने उडते, म्हणून चिकणमाती, शेणखत आणि वाळूत कालवून गोळ्या करतात. पहिला चांगला पाऊस झाला की साधारण पाऊण मीटर अंतराच्या ओळींत, वाऱ्याला आडव्या, एक-दोन सेंटिमीटर खोल टाकायच्या. त्याहून खोल गेले की कोंब वर येत नाही. पहिल्या वर्षी जनावर आत नको, हवे तर कापून न्या. दुसऱ्या वर्षी बी गळून पडल्यावर हलकी चराई चालेल. उगवण विरळ झाली म्हणून लगेच मोडून पुन्हा पेरू नका. पुढच्या पावसाळ्यात त्याच ओळींतल्या रिकाम्या जागा भरा.